'व्हिज्युअल लर्नर' मुलाचा दहावीचा अभ्यास कसा घ्यायचा?

प्रश्न एका आईचा आहे. मुलगा यंदा दहावीला, सेमी इंग्रजी. मे महिन्यात कुणीतरी शिबिर भरवलं, मुलांच्या दहाही बोटांचे ठसे घेतले, साडेतीन हजार रुपये घेतले आणि पंधरा दिवसांनी ४० पानांचा रंगीत अहवाल हातात ठेवला. मुलगा 'व्हिज्युअल लर्नर' आहे, वाचून-ऐकून शिकणं हा त्याचा पिंड नाही, त्याला चित्रांतून आणि व्हिडिओंतून शिकवा, असं त्यात लिहिलंय. तेव्हापासून चिरंजीव पुस्तकाला हात लावत नाहीत. मोबाइलवर धड्यांचे व्हिडिओ बघतात, "समजलं सगळं" म्हणतात, आणि घटक चाचणीत विज्ञानाला २० पैकी ७. आजी म्हणते मोठ्यानं वाच, बाबा म्हणतात लिहून काढ, क्लासचे सर म्हणतात प्रश्नसंच सोडव. आईंचं म्हणणं एवढंच, की त्याच्या शिकण्याच्या पद्धतीला धरून अभ्यास कसा बसवायचा ते सांगा.

ताई, मी २६ वर्षं माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवतोय. उत्तर लांबणार आहे, कारण तुम्ही प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरली आहे आणि तीच आधी सोडवावी लागेल.

ठशांचं पटकन उरकतो. बोटांवरच्या रेषा बाळ आईच्या पोटात असतानाच पक्क्या होतात आणि माणसाची ओळख पटवायला पोलिसांना उपयोगी पडतात. तुमचा मुलगा भूगोल ऐकून शिकेल की पाहून, हे त्या रेषांत कुठंही लिहिलेलं नसतं. त्या अहवालात बहुधा आठ प्रकारच्या बुद्धिमत्तांचं एक रंगीत चक्रही असेल. बुद्धिमत्ता अनेक प्रकारच्या असतात ही कल्पना अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये मांडली, पण तिचा बोटांशी काही संबंध नाही, आणि बुद्धिमत्तेचे प्रकार म्हणजे शिकण्याच्या शैली नव्हेत, हे खुद्द गार्डनर सांगत आले आहेत. साडेतीन हजार गेले ते गेले. अहवाल माळ्यावर टाका. मात्र मुलाच्या डोळ्यांदेखत टाका, म्हणजे त्याच्या डोक्यावर बसलेला तो शिक्का तुम्हीही मानत नाही हे त्याला कळेल.

आता मुख्य गोष्ट. ठसे सोडून दिले तरी 'काही मुलं पाहून शिकतात, काही ऐकून, काही करून' हे आपण सगळेच म्हणतो. मीही म्हणायचो. एका प्रशिक्षणात आम्हाला प्रश्नावली दिली होती. नील फ्लेमिंग नावाच्या न्यूझीलंडच्या शिक्षणतज्ज्ञांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीचाच तो मराठी अवतार होता : पाहणारे, ऐकणारे, वाचणारे-लिहिणारे, करून बघणारे. मी उत्साहात ती नववीच्या वर्गाला दिली आणि बाकांचे चार गट पाडले. पाहणाऱ्यांना तक्ते, ऐकणाऱ्यांना मी बोलून दाखवायचं, करणाऱ्यांना साहित्य. दोन महिने वर्गात जत्रा होती. सहामाहीचे गुण लावले तेव्हा गटांमुळे म्हणून काहीही हललेलं दिसलं नाही. जी मुलं आधी वर होती ती वरच, खालची खालीच.

त्यात एक मुलगी होती. प्रश्नावलीत तिनं सगळीकडे 'ऐकून' वर खूण केली होती, म्हणून मी तिला ऐकणाऱ्यांत बसवलं, तेही शेवटच्या बाकावर. दिवाळीनंतर आरोग्य तपासणीत कळलं की तिला लांबचं नीट दिसतच नाही, पावणेदोन नंबर आहे. फळ्यावरचं दिसत नव्हतं म्हणून ती बिचारी कानांवर भागवत होती, आणि मी त्याला तिची शैली म्हणत होतो. चष्मा आला, पहिल्या बाकावर आली, आणि ती 'ऐकणारी' राहिली नाही. ही गोष्ट मी फार दिवस कुणाला सांगितली नव्हती.

नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं, की माझ्या वर्गात जे झालं ते जगभर झालं आहे. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये फ्रँक कॉफिल्ड आणि सहकाऱ्यांनी अशा शैलींची प्रारूपं मोजली, ती ७१ निघाली! एकाच मुलाला ७१ प्रकारे कापता येत असेल, तर सुरीबद्दलच शंका घ्यायला हवी. २००८ मध्ये पॅशलर, मॅकडॅनियल, रोहरर आणि ब्यॉर्क या चार अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी आणखी सरळ प्रश्न विचारला. शैली खरी असेल तर 'पाहणाऱ्या' मुलांना चित्रांनी शिकवल्यावर जास्त यायला हवं आणि 'ऐकणाऱ्यांना' बोलून शिकवल्यावर. दोन्ही गटांतली मुलं चिठ्ठ्या टाकून निम्मी-निम्मी वाटा, निम्म्यांना चित्रांनी आणि निम्म्यांना बोलून शिकवा, शेवटी एकच परीक्षा घ्या, आणि बघा प्रत्येक गटाला आपापल्या शैलीनंच जास्त येतं का. इतका साधा पुरावा शोधायला ते बसले, तर या रीतीनं केलेले अभ्यासच मोजके मिळाले आणि त्यांतले बहुतेक शैलीच्या विरोधात गेले.

म्हणजे मुलांना आवडी नसतात असं नाही. असतात, ठळक असतात. कुणाला आकृती आवडते, कुणाला गोष्ट. घोटाळा इतकाच, की आवडत्या वाटेनं गेलं तर अभ्यास हलका वाटतो, आणि हलका वाटला की 'आलं' असं वाटतं. वाटणं आणि येणं यांच्यामधल्या फटीत तुमच्या मुलाचे तेरा गुण पडलेत.

ही फट किती मोठी असते, ते मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात दिसतं. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटानं तो चार सत्रं नुसता वाचला. दुसऱ्यानं एकदा वाचला आणि तीनदा, समोर काही न ठेवता, आठवेल तेवढा कागदावर उतरवला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे जिंकले, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानं घेतली तेव्हा वाचणारे ४० वर आले आणि आठवून लिहिणारे ६१ वर राहिले. आणि 'आठवड्यानं तुमच्या किती लक्षात राहील?' असं आधी विचारलं तेव्हा सगळ्यांत जास्त खात्री वाचणाऱ्या गटालाच होती. तुमचा मुलगा व्हिडिओ संपल्यावर "समजलं" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नाही. पाच मिनिटांपुरतं ते खरंच असतं.

गेल्या वर्षीच्या माझ्या वर्गातला एक मुलगा सांगतो. तोही सेमीचा, तोही व्हिडिओवाला. भिंगांचा धडा तीनदा बघून आलेला. शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत बसवलं, पाठकोरा कागद दिला आणि म्हटलं, बहिर्गोल भिंग काढ, वस्तू टू-एफ-वनच्या (एफ म्हणजे नाभी, टू-एफ म्हणजे तिच्या दुप्पट अंतरावरची खूण) पलीकडे ठेव आणि प्रतिमा काढून दाखव.

भिंग सुरेख काढलं. मुख्य अक्ष काढला, एफ आणि टू-एफ दोन्हीकडे बरोबर मांडले. बाण उभा केला. बाणाच्या टोकापासून अक्षाला समांतर एक किरण भिंगापर्यंत आणला आणि पेन्सिल थांबली.

"आता कुठं जाईल?"

"खाली."

"खाली म्हणजे कुठून?"

"सर, बघितलं की येतं मला. आत्ता डोळ्यांसमोर आहे, पण..."

तो 'पण' महत्त्वाचा. तीन वेळा त्यानं तो किरण पडद्यावर वळताना पाहिला होता, पण स्वतः एकदाही वळवला नव्हता. मी पुस्तक उघडलं, एक मिनिट बघू दिलं, मिटलं. समांतर आलेला किरण पलीकडच्या एफमधून जातो. काढ. प्रकाशीय केंद्रातून जाणारा वळत नाही. काढ. दोन्ही जिथं भेटले तिथं उलटा, लहान बाण आला. मग वस्तू टू-एफ-वनवर आणायला सांगितली, मग एफ-वन आणि टू-एफ-वनच्या मध्ये. कागदावर रेघांचं जाळं झालं, खोडरबरानं एका जागी भोक पडलं. चौथ्या आकृतीत वस्तू एफ-वनवर होती. त्यानं दोन्ही किरण काढले, पट्टी लावून पुढे वाढवले, आणखी वाढवले, कागद संपला.

"सर, हे भेटतच नाहीयेत."

"मग प्रतिमा कुठं?"

थोडा वेळ गेला. मग हळूच म्हणाला, "ॲट इन्फिनिटी... अच्छा, म्हणून!"

'ॲट इन्फिनिटी' हे शब्द त्याला तीन दिवस पाठ होते. वस्तूच्या सहा स्थानांचा अख्खा तक्ता पाठ होता. पण तो तक्ता दोन किरणांतून निघतो, पाठ करायची गरजच नाही, हे त्याला त्या भोक पडलेल्या कागदावर कळलं. पाऊण तास लागला. व्हिडिओ अकरा मिनिटांचा होता.

आता सांगा, हा मुलगा 'व्हिज्युअल' म्हणायचा का? भिंगांचा धडा व्हिज्युअल आहे! तो सगळ्यांनाच आकृतीतून शिकावा लागतो, ज्याला चित्रकला जमत नाही त्यालासुद्धा. तसंच भारत आणि ब्राझीलचा भूगोल नकाशाशिवाय कुणालाच येत नाही. कविता डोळ्यांनी वाचून लय लागत नाही, ती मोठ्यानंच म्हणावी लागते. रासायनिक समीकरण संतुलित करायचं तर हातानं लिहूनच. तबल्यातला कायदा, म्हणजे बोलांची ठरावीक रचना, आधी तोंडानं म्हणायचा आणि मग हातानं वाजवायचा, तिथं चित्र काय करणार? आपल्या आजोबांनी पाढे, पावकी, निमकी संध्याकाळच्या परवच्यात तोंडी घोकली, ती काही सगळी पिढी 'ऑडिटरी' होती म्हणून नाही. पाढा ही जिभेवर बसवायचीच गोष्ट आहे. डोळे, कान, हात यांतलं काय वापरायचं ते धडा ठरवतो. मुलाकडं बघून ठरवायचं ते वेगळंच, त्याकडे येतोच.

त्याआधी व्हिडिओचं. बंद करू नका, भांडण होईल आणि त्याची गरजही नाही. चित्र आणि शब्द एकत्र आले की समजायला मदत होते, हे सगळ्याच मुलांच्या बाबतीत खरं आहे. फक्त क्रम बदला. आधी धड्याचं पान उघडून मथळे आणि आकृत्या बघायच्या, दोन प्रश्न रफ वहीत लिहायचे. मग व्हिडिओ. मध्येच थांबवायचा : आता पुढे काय होईल ते सांग. आणि संपल्यावर मोबाइल दुसऱ्या खोलीत, समोर कोरा कागद, दहा मिनिटं. आठवेल ते लिही, आकृती काढ, वेडंवाकडं चालेल. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेननं भर. दुसऱ्या दिवशी तुम्ही आधी लाल भागच विचारा.

पहिले काही दिवस कागद जवळजवळ कोरा राहील, मुलगा चिडेल, "माझी पद्धत ही नाही" म्हणेल. तिथं घरातल्यांनी टिकायचं असतं. वरच्या चौघांतले रॉबर्ट ब्यॉर्क आणि मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ ब्यॉर्क यांनी हेच आयुष्यभर दाखवलं, की शिकताना येणारी योग्य प्रकारची अडचण ही शिकण्याची खूण असते. आमच्याकडे नवीन गडी पहिल्या आठवड्यात हाताला फोड आले की म्हणतो, "कुदळ बरोबर नाय." कुदळ बरोबर असते.

हायलायटरबद्दल लगे हाथ. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा लोकप्रिय पद्धती तपासल्या. रंगवणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं तळाला, स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांत विभागणं वरती. दरवर्षी जूनमध्ये मुलींच्या पुस्तकांत मला पिवळी, गुलाबी, हिरवी शेतं दिसतात. छान दिसतात.

विभागणं म्हणजे काय ते गणितापुरतं सांगतो, कारण तिथं पालक हमखास उलटं करून घेतात. रविवारी बसून वर्गसमीकरणांची चाळीस गणितं, पुढच्या रविवारी अंकगणिती श्रेढीची चाळीस. दहावं गणित झालं की मुलगा डोकं न लावता सोडवायला लागतो, कारण सूत्र कुठलं हे मथळ्यातच लिहिलेलं असतं. बोर्डाच्या पेपरात मथळा नसतो. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये कॉलेजच्या मुलांना चार प्रकारच्या घनाकृतींचं घनफळ शिकवलं. एका गटाला एकेका प्रकारची गणितं सलग, दुसऱ्याला सगळी सरमिसळ. सराव करताना सलगवाले ८९ टक्के बरोबर, मिसळवाले ६०. आठवड्यानं परीक्षा घेतली तर सलगवाले २० टक्के, मिसळवाले ६३. आपल्या महत्त्वमापनाच्या धड्यात शंकू, शंकूछेद, गोल, वृत्तचिती एकत्र येतात तेव्हा मुलं नेमकी इथंच घसरतात. सूत्रं सगळी येतात. यांतलं कुठलं लावायचं, ते येत नाही.

म्हणून पुस्तकातल्या सरावसंचांतली गणितं चिठ्ठ्यांवर लिहा, धड्याचं नाव न घालता, एका डब्यात टाका. रोज संध्याकाळी सहा चिठ्ठ्या काढायच्या. सोडवण्याआधी फक्त एक ओळ लिहायची : हे कशाचं गणित आहे आणि का. एखाद्या दिवशी दमला असेल तर ती एक ओळच पुरे. माझ्या वर्गातला हा डबा श्रीखंडाचा आहे. मुलं त्याला 'लॉटरी' म्हणतात.

आता मुलाकडं बघून काय ठरवायचं ते. फरक असतातच, पण ते अहवालात नसतात आणि आईला बहुधा आधीच ठाऊक असतात.

सगळ्यांत मोठा फरक म्हणजे त्याला आधी काय येतं. आठवीत अपूर्णांक आणि चिन्हं कच्ची राहिली असतील तर दहावीतलं बीजगणित चित्रानं शिकवा नाहीतर गाण्यानं, अडणारच. अशा मुलाला आधी सोडवलेली उदाहरणं टप्प्याटप्प्यानं दाखवावी लागतात, मग अर्धं सोडवलेलं द्यायचं, मग कोरं. ज्याचा पाया पक्का आहे त्याला हेच रटाळ वाटतं, त्याला थेट अवघड गणित द्या. इथं पद्धत मुलागणिक बदलते, आणि बदलायलाच हवी. शिवाय एकच मुलगा भूमितीत नवशिका आणि इतिहासात तयार असू शकतो, म्हणून विषयागणिकही.

दुसरा भाषेचा. तुम्ही सेमी लिहिलंत म्हणून मुद्दाम. सेमीची कितीतरी मुलं 'समजतं पण लिहिता येत नाही' म्हणतात. घरात मराठी, वर्गात सर मराठीतच समजावतात, आणि पेपर इंग्रजीत. मुलाला रिफ्रॅक्शन म्हणजे अपवर्तन हे माहीत असतं, पाण्यातली काठी वाकडी का दिसते तेही सांगता येतं, पण 'गिव्ह सायंटिफिक रीझन'खाली तीन इंग्रजी वाक्यं जुळत नाहीत. मग तो पाठ करतो, एक शब्द विसरला की सगळं कोसळतं. चाचणीचा कागद घेऊन बसा आणि प्रत्येक चुकलेल्या उत्तराला मराठीत तोंडी विचारा. मराठीत येत असेल तर दुखणं विज्ञानाचं नाही, वाक्यरचनेचं आहे, आणि त्यावरचा उपाय रोज दोन उत्तरं आधी मराठीत बोलून मग सोप्या, तुटक का होईना, स्वतःच्या इंग्रजीत लिहिणं हा आहे. मराठीतही येत नसेल तर धडाच कच्चा आहे. हे एका संध्याकाळी कळतं आणि त्याला साडेतीन हजार लागत नाहीत.

वेळ, जागा, सोबत यांत मात्र मुलाचं ऐका. पहाटे चारला उठून अभ्यास करणारे आपण आपल्या मुलांनाही पहाटे उठवतो. पण या वयात झोपेचं घड्याळ थोडं पुढे सरकतं, हे शरीराचं आहे, आळसाचं नाही. रात्री दहापर्यंत ताजातवाना असेल तर अवघड विषय तेव्हा, आणि सकाळी सहाला शांतपणे उजळणी. झोप आठ तासांच्या खाली नेऊ नका. कुणाला एकटं बसवतं, कुणाला स्वयंपाकघरात भांड्यांच्या आवाजात बसायला बरं वाटतं. आमच्या गावाकडं दोन खोल्यांच्या घरात सहा माणसं, तिथं मुलं देवळाच्या सभामंडपात बसून बोर्डात आलेली मी पाहिली आहेत. फक्त मोबाइल हाताच्या अंतरावर नको आणि शब्द असलेली गाणी चालू ठेवून वाचन नको. अंगात चुळबूळ असेल तर फेऱ्या मारत पाठांतर करू द्या. पंचवीस-तीस मिनिटांनी पाच मिनिटं उठला तर ओरडू नका.

आणि एक तपासून घ्याच : डोळे. कानही. हे मी आता प्रत्येक पालकाला सांगतो, कारण वर सांगितलं.

यापलीकडे एक वेगळी गोष्ट आहे, तिला आवडनिवड म्हणून झटकून टाकू नये. मुलगा तोंडी फटाफट सांगतो, पण वाचताना अडखळतो, ओळ सुटते, अक्षरं-आकडे उलटसुलट होतात, फळ्यावरचं उतरवताना चुकतं, आणि हे लहानपणापासून आहे, तर तो विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा प्रकार असू शकतो. त्याची रीतसर तपासणी मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार आणि बालरोग विभागात होते. प्रमाणपत्र मिळालं तर राज्य मंडळाकडून जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, पण त्याची कागदपत्रं शाळेमार्फत परीक्षेच्या बरीच आधी द्यावी लागतात. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तसं वाटत नाही. वाचायचा कंटाळा आणि वाचता न येणं यांत फरक आहे. एकदा शेजारी बसून त्याच्याकडून अनोळखी पान मोठ्यानं वाचून घ्या, तुम्हालाच कळेल.

राहिले घरातले तीन सल्लागार. बाबांचं 'लिहून काढ' हे पुस्तक समोर ठेवून असेल तर हातांचा व्यायाम आहे, पुस्तक मिटून असेल तर सोनं. क्लासच्या सरांचा प्रश्नसंच चांगला, पण उत्तरं मागच्या पानावर असतात आणि बोट आपोआप तिकडं जातं. ती पानं स्टेपल करून टाका. आणि आजीचं मोठ्यानं वाचणं कवितेला आणि संस्कृतच्या सुभाषितांना ठेवा, पण आजींना मी त्याहून मोठं काम देईन. जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं मुलानं त्यांना आजचा धडा मराठीत समजावायचा, पुस्तक न घेता. आजींनी फक्त "म्हणजे रे काय?" आणि "मग असं का होतं?" एवढंच विचारायचं. आजी शाळेत किती शिकल्यात याला महत्त्व नाही. उलट कमी शिकलेल्या असतील तर बरं, त्यांना 'ऑब्व्हियस आहे' म्हणून गप्प करता येत नाही. आनुवंशिकतेच्या धड्यावर तर त्या मुलाला अडवतीलच, नाक कुणावर गेलंय यात त्यांचा हात कोण धरणार!

सुरुवातीला सगळं एकदम लादू नका. पहिला आठवडा फक्त विज्ञान आणि फक्त कोरा कागद. दुसऱ्या आठवड्यापासून गणिताचा डबा. झालेला धडा दोन दिवसांनी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं पुन्हा एकदा कागदावर, दरवेळी पुस्तक न उघडता सुरुवात. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला होता, आणि विसरायच्या बेतात असताना पुन्हा आठवलेलं जास्त टिकतं ही गोष्ट तेव्हापासून पुनःपुन्हा दिसली आहे. वेळापत्रक भिंतीवर चिकटवायचं तर मुलाच्या हातचं असू द्या, तुमच्या नव्हे.

आणि पहिल्या दिवशीचा तो जवळजवळ कोरा, रागानं चुरगाळलेला कागद टाकू नका. सपाट करून मागं तारीख लिहा आणि पुस्तकाच्या कव्हरमध्ये सरकवून ठेवा. दिवाळीच्या सुट्टीत त्याच धड्यावर नवीन कागद लिहून झाला, की दोन्ही त्याच्यासमोर शेजारी शेजारी ठेवा, आणि तुम्ही चहा टाकायला आत जा.